साधनाची आतली बाजू

माझ्या भावाच्या घरात दोन पुस्तकांची जेवढी बडदास्त ठेवली गेली, तेवढी माझ्या वहिनीची तिच्या शेवटच्या आजारपणातही ठेवली गेली नाही. काळ्या पुठ्ठ्याचे दोन जाड खंड, जुळ्या भावांसारखे. आत जर्मन भाषेतलं तर्कशास्त्र, दोनेकशे वर्षांपूर्वीचं. दादाने कॉलेजात जन्मभर तेच शिकवलं. पन्नाशीच्या आत त्याचे डोळे गेले, तरी पाठ होतं तेवढ्यावर शिकवत राहिला. निवृत्त झाला आणि त्या ग्रंथातल्या एकाच भागावर स्वतःचं पुस्तक सांगायला बसला. त्या भागाचं नाव वस्तुता.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नोकरी केली. स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंची खोली असते ना, ती माझ्या ताब्यात होती. निवृत्त झाले तोवर वहिनी गेली होती आणि दादाच्या घरात चूल कोण पेटवणार हा प्रश्न होता, म्हणून मी तिथे राहायला गेले. घरात तिसरी त्याची एकुलती एक मुलगी. तिला आम्ही घोकी म्हणतो. पाच वर्षांची असताना तिने पाहुण्यांसमोर औषधाच्या बाटलीतला माहितीचा कागद पहिल्या ओळीपासून कंपनीच्या पत्त्यापर्यंत म्हणून दाखवला होता, तेव्हापासून हे नाव पडलं. एकदा वाचलं की तिच्या डोक्यात छापलं जायचं. मोठी झाल्यावर ती एका संस्थेत जर्मन शिकवायची. मग बाबांना वाचून दाखवायला कोणी नाही म्हणून नोकरी सोडून घरी बसली. चाळिशी ओलांडली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "हे प्रकरण संपू दे, मग बघू." मी कपाळाला हात लावायची.

रोज नाश्ता झाला की दोघं पुढच्या खोलीत बसायची. घोकी जर्मनमधून थोडं वाचायची. दादा डोळे मिटून ऐकायचा. मिटायची गरज नव्हती, पण विचार करताना डोळे मिटायची त्याची जुनी सवय. मग मोबाइल तोंडासमोर धरून त्या मजकुरावरचं आपलं म्हणणं सांगायचा. ती रेकॉर्डिंगं त्याचा एक जुना विद्यार्थी घेऊन जायचा आणि टाइप करायचा. तो विद्यार्थीही आता पिकला होता, एका प्रकाशनसंस्थेत संपादक होता, पण दादासमोर आला की खुर्चीच्या टोकावर बसायचा.

एकदा जेवताना मी विचारलं, "काय असतं रे त्या वस्तुतेत एवढं? वस्तू मी आयुष्यभर सांभाळल्या. मला तर काही दिसलं नाही त्यांच्यात."

दादाला कोणी असं विचारलं की तो खुलायचा. "तुझी ती खोली आठव," तो म्हणाला. "कपाटात छत्री, छत्रीशेजारी कोणाची तरी कवळी, कवळीशेजारी व्हायोलिन. सगळं एकमेकांना लागून, पण कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. छत्री पडली तर कवळीला धक्का लागेल, तेवढाच त्यांचा संबंध. ही वस्तुतेची पहिली पायरी. यंत्राची."

"आणि दुसरी?"

"रसायनाची. इथे वस्तूंना एकमेकींची ओढ असते. ॲसिडला अल्कलीची. पण भेटल्या की दोघी संपतात. मागे उरतं ते मीठ."

"म्हणजे लग्न," मी म्हटलं. घोकीला ठसका लागला.

"तिसरी पायरी हेतूची," दादा म्हणाला. "हेतूला जगात काहीतरी घडवून आणायचं असतं. पण तो स्वतः वस्तूंच्या तोंडी जात नाही. मध्ये साधन घालतो. घासायचं, झिजायचं, मोडायचं ते साधनाने. हेतूला ओरखडाही येत नाही."

"आमचे स्टेशनमास्तर हेच करायचे, आणि त्यांना जर्मन येत नव्हतं."

दादा मोठ्याने हसला. तो हसला की अजूनही छान दिसतो, हे मला कबूल करावंच लागतं. त्या दिवशी मला तो आवडला होता.

हिवाळा सुरू होताना घोकी म्हणायला लागली की पुढच्या खोलीतल्या मांडणीची मधली फळी खचली आहे. दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा सुताराला बोलावून आणलं. सुताराने फळीवर लेव्हल ठेवली, खाली वाकून पाहिलं, फळी वरून खालून ठोकली. "ताई, फळी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "चष्म्याचा नंबर बघून घ्या." मी पोट धरून हसले. घोकीही हसली आणि त्याला चहा दिला. दादा आपल्या खुर्चीत होता, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की आता दुपारीही बसायचं. "पुस्तक पुरं व्हायला हवं," तो म्हणाला. "माझं वय झालं." मला ते योग्यच वाटलं. म्हातारा माणूस, त्याला घाई असणार.

त्यानंतर घोकी बदलली. बोलताना माझ्या तोंडाकडे बघेना, कानाकडे बघायची. मला वाटलं, पोरीला गर्व चढला की काय, की माझं काही चुकलं. मी दोन दिवस अबोला धरूनही पाहिला. तिला तो कळलाच नाही.

मग दुसऱ्या खंडाची शिवण उसवली. पानं सुटायला लागली होती. दादाला सांगितलं असतं तर त्याने पुस्तक घराबाहेर जाऊ दिलं नसतं, म्हणून त्यांच्या वाचनाच्या सुट्टीच्या दिवशी मी ते गुपचूप पिशवीत घातलं आणि बाइंडरकडे नेलं. संध्याकाळी देतो म्हणाला. बाइंडरची संध्याकाळ कधी येते हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं की बसायच्या आधी दोघांना सांगायचं आणि काय बोलणी खायची ती खायची. पण दूध उतू जात होतं, ते बघेपर्यंत पुढच्या खोलीतून वाचनाचा आवाज सुरू झाला. मी हात पुसत दारात गेले.

घोकीच्या मांडीवर काळा खंड उघडा होता आणि ती सपाट्याने वाचत होती. मला वाटलं, चला, आज दुसरं काही काढलं असेल. तेवढ्यात दादा म्हणाला, "साधनाचा परिच्छेद आला ना? जरा सावकाश."

साधनाचा परिच्छेद वस्तुतेच्या भागात. वस्तुतेचा भाग दुसऱ्या खंडात. एवढी वर्षं कानावर पडून मलासुद्धा ते ठाऊक होतं. आणि दुसरा खंड बाइंडरच्या टेबलावर, शिकंज्यात आवळलेला. घोकीच्या मांडीवर पहिला होता. ती सावकाश वाचत होती, मध्येच पान उलटत होती, आणि तिची नजर पुस्तकाच्या कडेवरून खिडकीकडे गेली होती.

मला आधी हसू आलं, मग ते गेलं.

तेवढ्यात ती अडखळली. मग एक वाक्य म्हणाली आणि थांबली.

"परत वाच," दादा म्हणाला.

तिने परत म्हटलं.

"परत."

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज बारीक झाला होता. दादा खुर्चीत पुढे सरकला. "हे वाक्य मी आजवर वाचलं कसं नाही?" तो म्हणाला. "या एका वाक्याने सगळा भाग उलटा होतो. अगं, इकडे ये," हे मला, माझी चाहूल त्याला लागली होती. "ऐक. साधनालाही आतली बाजू असते. हेतूला ती दिसत नाही, कारण तो साधनाला बाहेरूनच धरतो. कळतंय का? मी इतकी वर्षं हेतूच्या बाजूने शिकवत आलो!" त्याने मोबाइल मागितला आणि न थांबता बोलत सुटला. त्याचा चेहरा असा उजळलेला वहिनी होती तेव्हाही मी पाहिला नव्हता. घोकी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी आत निघून गेले.

स्टेशनावरच्या आमच्या खोलीचा एक नियम होता. वस्तू हरवली म्हणून कोणी आलं की ती दाखवायची नाही, आधी तिचं वर्णन करायला लावायचं. माणूस खरा की खोटा ते तिथेच कळायचं. घोकी स्वयंपाकघरात आली तेव्हा मी दादाच्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली. "काय लिहिलंय यावर, वाच."

तिने पट्टी घेतली, मान तिरकी केली, पट्टी उजेडाकडे नेली. "आत्या, नको ना," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. उजव्या डोळ्यात मधोमध काळा डाग होता, हलायचा नाही. डाव्यात ओळी वाकायच्या आणि मधली अक्षरं गिळली जायची. कडेचं सगळं दिसायचं. "तुझे कान दिसतात, केस दिसतात," ती म्हणाली. "तोंडाच्या जागी धूसर. म्हणून मी कानाकडे बघून बोलते. तू रुसली होतीस ना मध्ये? मला वाटलं तुझा घसा बसलाय."

"कधीपासून हे?"

"ती फळी खचली होती ना, त्याच्या थोडं आधीपासून."

"आणि वाचतेस ते काय?"

"पाठ आहे. चार वेळा वाचून झालाय तो भाग. बहुतेक सगळा आहे."

"आणि नाही तिथे?"

"जोडते." तिने पट्टी खाली ठेवली. "आजचं ते वाक्य माझं होतं. पुढचं आठवेना. जीभ थांबली आणि मग ते आपोआप आलं. जर्मनमध्येच आलं."

"मग आत्ता जा आणि सांग त्याला."

"कसं सांगू? तू आज त्यांचा चेहरा बघितलास. मला तोही दिसला नाही, पण आवाज ऐकला मी. माझ्या कुठल्या गोष्टीसाठी बाबांनी आजवर असा आवाज काढला नव्हता." तिने पट्टी माझ्याकडे सरकवली. "शेवटचाच भाग उरलाय. तो होऊ दे. मग दवाखाना करू."

मी तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. दादाला सांगितलं, कापड घ्यायला जातोय. आमची आई म्हातारपणी चाचपडत चालायची, पुढे दादाचे डोळे गेले. आईचे वयाने गेले आणि दादाचे वाचनाने, असंच आम्ही मानत आलो होतो. माझे शाबूत राहिले म्हणून मी फार वाचत नाही याचं मला बरंच वाटायचं.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, फटकळ होती आणि तिचे हात थंड होते. तिने घोकीच्या डोळ्यात थेंब टाकले, फोटो काढले, मग चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. "रेघा कशा दिसतात?"

"कुठला ठिपका?" घोकी म्हणाली.

हा आजार घराण्यातून येतो, डॉक्टरने सांगितलं. चाळिशीच्या आसपास डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मध्ये, नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात. उजव्या डोळ्यात आता नुसता वण उरला होता, तिथे काही करण्यासारखं नव्हतं. डावा अजून गळत होता. त्यात इंजेक्शन द्यायचं, आजच, आणि पुढे दर महिन्याला. किती वाचेल ते सांगता येत नाही.

"सुरुवातीलाच आलो असतो तर?" मी विचारलं.

"पहिल्यांदा सरळ रेघ वाकडी दिसली, तेव्हाच आला असतात तर दोन्ही डोळे बहुतेक राखता आले असते." ती फोटो बघत होती. "घरात कोणाला होतं?"

"वडिलांना," घोकी म्हणाली. "आजीलाही असेल."

"मग वडिलांनी ओळखलं नाही? सरळ रेघ वाकडी दिसते, हे ज्याने भोगलंय तो विसरत नाही."

"मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

तिने सांगितलं नव्हतं, पण त्याने ऐकलं होतं. सुतार ठोकाठोक करत होता तेव्हा तो हातभर अंतरावर बसला होता. आणि त्याचं स्वतःचं कसं सुरू झालं होतं ते मला आठवलं. फळ्यावर त्याने स्वतः काढलेली रेघ त्याला वाकडी दिसायची, आणि तो घरी येऊन खडूच्या नावाने बोटं मोडायचा. आम्ही तेव्हाही हसलो होतो. दवाखान्यात मी यातलं काही बोलले नाही. घोकीला आत नेलं, तिच्या डोळ्यात सुई गेली, ती पट्टी बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "फार दुखलं नाही." मला तिला मिठी मारायची होती, पण मी नुसती तिची पिशवी उचलली.

घरी आल्यावर तिला आतल्या खोलीत निजवलं आणि मी दादासमोर जाऊन बसले.

"फळी सरळ होती, दादा," मी म्हटलं. "तुला तेव्हाच कळलं होतं."

तो खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिला. मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाला असता तर मी कदाचित विश्वास ठेवला असता, भाऊच तो.

"हो," तो म्हणाला.

"आणि बोलला नाहीस."

"सांगून काय झालं असतं? माझ्या वेळी काही उपाय नव्हता. तिची झोप उडाली असती, एवढंच."

"आता उपाय आहे. आज तिच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. तेव्हा दिलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते."

"आहे?" तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने कोणाला विचारलंच नव्हतं. एका फोनचं काम. तो संपादक दर आठवड्याला येऊन खुर्चीच्या टोकावर बसत होता, त्याला सांगितलं असतं तरी झालं असतं.

"आणि दुपारचं बसणं? ते कशासाठी वाढवलंस?"

तो शिकवताना बोलायचा तशाच स्पष्ट आवाजात म्हणाला, "माझा उजवा गेल्यावर डावा जायला बराच काळ लागला होता. मी धरून चाललो की तिलाही तेवढा मिळेल. तेवढ्यात वस्तुता पुरी झाली असती."

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. याने मुळासकट खाल्ला होता, आणि वर हिशेब करून. त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नव्हता. म्हणून पुढचं मी जरा मजेनेच सांगितलं, हे खरं आहे.

"ती गेले कित्येक महिने वाचत नाहीये," मी म्हटलं. "तिला अक्षर दिसत नाही. ती पाठ म्हणत होती."

"शक्य नाही. कालचं ते वाक्य मला पाठ नव्हतं, मग तिला..."

"ते तिचं आहे. काल तुझा दुसरा खंड घरातच नव्हता. बाइंडरकडे होता. आठवेना म्हणून तिने मनचं म्हटलं."

त्याचा चेहरा उतरला, हळूहळू, भिंतीवरचं ऊन उतरतं तसा. मला वाटलं, आता तिच्याबद्दल विचारेल. डावा किती राहिलाय, दुखतंय का, जेवली का. मी वाट बघत होते. मला त्याला माफ करायचं होतं, निमित्त हवं होतं.

"मग मूळ ग्रंथात त्या जागी काय आहे?" त्याने विचारलं.

"ते आता दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या," दारातून घोकी म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नव्हतं. पट्टीखालून पाणी येत होतं, ते औषधाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. भिंतीला हात न लावता ती चालत आली आणि आपल्या रोजच्या जागी बसली.

"किती ऐकलंस?" मी विचारलं.

"फळीपासून." मग ती दादाकडे वळली. "बाबा, ते वाक्य काढून टाका."

"का? चांगलं आहे ते. तुझं असेल तर तुझं नाव घालतो."

"नाव नको. काढून टाका."

"त्याच्याशिवाय शेवटचा भाग उभा राहत नाही."

"मग नाही राहिला तर नाही."

जन्मात ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. दादाने हात पुढे केला, जिथे तिचं डोकं असेल असं त्याला वाटलं तिकडे. तो हात येताना तिला दिसला असणार, कडेचं तिला दिसत होतं. तिने डोकं मागे घेतलं नाही आणि पुढेही केलं नाही. हात हवेत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "काढतो."

त्यानंतर त्या घरातलं तिचं वाचन थांबलं. संपादकाने दादासाठी एक पगारी वाचक लावून दिला. घोकीला मी दर महिन्याला दवाखान्यात नेत राहिले. सहाव्या इंजेक्शननंतर डॉक्टरने चौकटींचा कागद पुन्हा धरला आणि लगेच खाली ठेवला. तिचा फटकळपणा त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. गळती थांबलीय, ती म्हणाली, पण मधलं जे गेलं ते येणार नाही. दार दिसेल, खिडकी दिसेल, येणारं माणूस दिसेल, कोण आहे ते दिसणार नाही. अक्षर तर नाहीच. घोकीने तिचे आभार मानले. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "निदान घरात आपटणार तरी नाही."

आम्ही दोघी दोन खोल्या घेऊन वेगळ्या राहिलो. तिच्या जुन्या संस्थेने तिला बोलण्याचे वर्ग दिले, त्याला पुस्तक लागत नाही. दादाकडे दिवसभराची बाई आहे. मी आठवड्यातून एकदा जाऊन त्याची नखं कापते आणि कपाट लावते. आपलेच दात, आपलेच ओठ, करणार काय? तो घोकीची चौकशी करतो. मी बरी आहे म्हणते. पुढे काही विचारत नाही तो.

पुस्तक मागच्या महिन्यात आलं. संपादक स्वतः घेऊन आला, चहा घेतला, सरांनी या वयात चमत्कार केला म्हणाला आणि गेला. घोकीने पुस्तक हातात घेतलं, जाडी चाचपली, वास घेतला. मी तिच्या शेजारी पलंगावर बसले होते.

"आत्या, शेवटचा भाग काढ," ती म्हणाली. "ते वाक्य आहे का बघ."

मी चष्मा लावला. आधी हाताला प्रस्तावना लागली. तिथे घोकीचे आभार होते, काही काळ वाचून दाखवल्याबद्दल. मग शेवटचा भाग काढला. शोधावं लागलं नाही. भागाची सुरुवातच त्या वाक्याने होती. साधनालाही आतली बाजू असते. अवतरणचिन्हं नव्हती, तळटीप नव्हती. दादाच्या इतर वाक्यांसारखं तेही दादाचं वाक्य होऊन बसलं होतं, आणि पुढची सगळी पानं त्याच्यावर उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"बघितलं. काढलंय त्याने."

तिने मान हलवली. खिडकीतून उजेड तिच्या मांडीवर पडला होता. मला वाटलं, सुटले.

"मग सुरुवात कशाने केलीय? वाच ना."

नोकरीत मी जन्मभर लोकांची वर्णनं ऐकली, खोटं बोलणारा कुठे थांबतो ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून मी कुठेच थांबले नाही. पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, "साधन झिजतं ते हेतूला कळत नाही, असं मी आयुष्यभर शिकवलं. ते खरं नव्हतं. मला कळत होतं."

घोकी माझ्या कानाकडे बघत होती. "पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं, तेच शब्द, त्याच क्रमाने.

तिने हात पुढे केला, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मिटून मांडीवर ठेवलं.

"बाबा असं लिहिणार नाहीत, आत्या," ती म्हणाली.